निरंक

आमच्या सुनेच्या हुद्द्याचं नाव ग्रामीण कृषी विस्तार अधिकारी. नाव एवढं लांब, की माझी बायको कांता शेजारणींना सांगताना ते अर्ध्यातच सोडते आणि म्हणते, "धानाची डॉक्टरीण हाये." मला तेच जास्त पटतं. नोकरीला लागली तेव्हा प्रेरणाकडे सात गावं होती. मग शेजारच्या सर्कलचा माणूस रिटायर झाला, त्याच्या जागी कोणी आलं नाही. पलीकडची बाई बदलून गेली, तिच्याही जागी कोणी आलं नाही. दोन्ही सर्कल 'अतिरिक्त प्रभार' म्हणून हिच्या गळ्यात पडली. सातची एकवीस गावं झाली. स्कूटी मात्र तीच राहिली.

मी चंपत मेश्राम, तिचा सासरा. रेल्वेत चौतीस वर्षं कीमन होतो. रोज सकाळी खांद्यावर हातोडी आणि पाना घेऊन सहा किलोमीटर रूळ पायी चालायचा, रूळ धरून ठेवणारी एकेक चावी, एकेक बोल्ट बघायचा, सैल दिसला की ठोकायचा, हे कीमनचं काम. मूळचे आम्ही भंडाऱ्याकडचे, पण रिटायर झाल्यावर इकडंच, छत्तीसगडात, भिलाई-3 ला तीन खोल्यांचं घर बांधलं. मुलगा आनंद स्टील प्लांटमध्ये आहे, त्याच्या शिफ्टा चालतात. त्यामुळे दिवसा घरात तीन जण असतात. मी, कांता आणि प्रेरणाचे कागद.

त्या कागदांबद्दल बोलायला लागलो की माझं डोकं तापतं. सोसायटीत किती खत आहे त्याचा कागद, कोणत्या शेतकऱ्याचा नंबर आधारला जोडला त्याचा कागद, माती कुठून उचलली त्याचा फोटो, आणि फोटो काढताना आपण तिथंच उभे होतो याचा पुरावा. शेत बघायला एक तास लागतो आणि शेत बघितलं हे दाखवायला तीन. ही पोरगी बांधावर उभी राहून, एका हातानं चपलेचा चिखल काढत, दुसऱ्या हातानं फॉर्म भरते. मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एकदा कांता म्हणाली, "अवो, तुमी दिवसभर पेपर वाचत बसता. तिचे आकडे तरी भरा."

तसा मी तिचा कारकून झालो. ती शेतातून फोन करायची, गाव आणि आकडे सांगायची, मी एका बोटानं तिच्या जुन्या लॅपटॉपवर टाकायचो. लॉगिन तिचं आणि बोट माझं. खरं सांगायचं तर मला त्यात मजा यायची. रिकाम्या माणसाला ड्युटी मिळाली होती. मी लॅपटॉपसमोर बसताना शर्टसुद्धा घालायचो, त्यावरून कांता अजून चिडवते.

सगळ्यात जाचाचा होता सोमवारचा फॉर्म. दर सोमवारी पाचच्या आत एकवीसही गावांत धानावर कीड किती, ते भरायचं. एकही रकाना रिकामा ठेवून चालत नाही. रिकामा रकाना लाल होतो आणि ते गाव राहून जातं. पाचला तो बंद होतो. मागच्या सोमवारी दोन गावं राहिली, तर ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रेरणाचं नाव सगळ्यांदेखत आलं. पुढं लिहिलं होतं, 'अत्यंत खेदजनक'. ती भाजी चिरत राहिली. पण त्या दिवशी भेंडी फार बारीक चिरली गेली.

सप्टेंबरचा शेवटचा सोमवार होता. आठ दिवस आभाळ भरलेलं, पाऊस नाही, वारा नाही, नुसती उमस. धान पोटरीत आलेलं, लोंबी अजून पानाच्या आत. प्रेरणाला त्या दिवशी नव्या ॲपच्या ट्रेनिंगला जिल्ह्याला बोलावलं होतं. जाण्याआधी तिनं अठरा गावांचे आकडे वहीतून मला वाचून दाखवले.

"तीन राहिले, मामाजी," ती हेल्मेट घालत म्हणाली. "कोसमडीह, बोइरभाठा आन खपरी. ट्रेनिंग दोनले सुटते. मंग मी जाऊन तुमाले फोन करतो."

दोन वाजले, तीन वाजले, साडेचार झाले. फोन नाही. मी चारदा लावला, उचलला नाही. ट्रेनिंग लांबलं होतं, हे मला नंतर कळलं. पाचला दहा कमी असताना अठरा रकाने हिरवे आणि तीन लाल. माझ्या डोळ्यांपुढं ते 'अत्यंत खेदजनक' नाचायला लागलं. रकान्यावर बोट ठेवलं की खाली यादी उघडते, आणि त्या यादीत सगळ्यात वरचा शब्द असतो 'निरंक'. म्हणजे काही नाही, कीड शून्य. मागच्या आठवड्यात या तिन्ही गावांत निरंकच होतं. मी तीनदा बोट दाबलं. एकवीसही हिरवे झाले. मी कांताला चहा टाकायला सांगितला.

आता एक गोष्ट सांगतो, ती फुशारकी वाटली तर वाटू द्या. कीमनच्या डायरीत रोज शेवटी दोन शब्द लिहायचे असतात, 'लाईन ठीक'. चौतीस वर्षांत ते दोन शब्द मी चालल्याशिवाय कधी लिहिले नाहीत. ताप असतानाही चाललो आणि मगच लिहिले. आणि त्या सोमवारी खुर्चीवर बसून, पंख्याखाली, मी तीन गावं ठीक करून टाकली. लिहायची सवय बोटांत राहिली होती, चालायची पायांतून गेली होती.

प्रेरणा साडेसातला आली. दोन पोळ्या खाल्ल्या आणि केसांतली क्लिप न काढताच झोपली. तिला काय सांगायचं, म्हणून मी गप्प राहिलो. मंगळवारी ती उजाडताच आधार जोडणीच्या शिबिराला गेली. उद्या सांगू, असं मी स्वतःशीच म्हणालो.

बुधवारी सकाळी सहाला तिचा फोन वाजला. ती वेणी घालत होती, म्हणून फोन स्पीकरवर टाकला. कोसमडीहची शेतकरीण होती, फिरंतीन बाई.

"मेडम, मोर खेत म आगी लगे कस होगे हे. काल एक गोल रिहिस, आज चार ठन हे."

शेताला आग लागल्यासारखे गोल, काल एक, आज चार. प्रेरणाचे हात वेणीतच थांबले. "पीला पड़ गया है कि सूख गया है?"

"सूख गे हे, मेडम. पैरा कस."

उभं धान पैऱ्यासारखं, म्हणजे मळून उरलेल्या काडीसारखं वाळलं होतं. प्रेरणानं अर्धवट वेणीला रबर लावलं. "तुडतुडे," ती मला म्हणाली. इकडं त्याला माहो म्हणतात. धानाच्या बुडाशी बसून रस पितो, वरून काही दिसत नाही, आणि दिसतं तेव्हा बांधीचा, म्हणजे बांध घातलेल्या शेताचा, गोल चट्टा जळून गेलेला असतो. "मामाजी, येता का संगं? मोजाले एक माणूस पायजे. आनंदची शिफ्ट हाये."

मी चप्पल घातली. कांतानं डबा दिला. सहासष्टाव्या वर्षी सुनेच्या मागं स्कूटीवर बसून मी निघालो, आणि रस्ताभर निरंकचं सांगायचं टाळत राहिलो.

कोसमडीह खारून नदीकडच्या उतारावर आहे. बांध्या एकीखाली एक उतरत जातात, वरच्या बांधीचं पाणी खालच्या बांधीत आणि तिथून नाल्यात. फिरंतीन बाईचे दोन एकर मधल्या उतारावर होते. नवरा नाही. वर्षाचं खाणं आणि पुढच्या वर्षाचं बियाणं या दोन एकरांतूनच निघायचं. हिरव्या धानात चार तपकिरी गोल पडले होते, आणि ती बांधावर पदर तोंडाशी धरून उभी होती. आठ-दहा माणसं जमली होती.

प्रेरणानं सलवार गुडघ्यापर्यंत वर दुमडली, डबा उघडून पोळ्या माझ्या पिशवीत ठेवल्या आणि डब्याचं झाकण घेऊन पाण्यात उतरली. एका ठिकाणी लावलेल्या रोपांच्या जुडीला आम्ही चूड म्हणतो. एक चूड तिनं वाकवली, बुडाशी झाकण धरलं आणि वरून दोन थापा मारल्या. झाकण भरून गेलं. तिळाएवढे तपकिरी किडे इकडंतिकडं पळायला लागले.

"बावीस," ती म्हणाली. "लिहा, मामाजी." दहाच्या वर गेले की फवारणी लागते. तिनं तिरक्या ओळीत वीस चुडी मोजल्या. मी बांधावरून लिहीत होतो. वीसच्या खाली एकही नव्हती.

"टीम कब आही, मेडम?" फिरंतीन बाईनं विचारलं. जिथं माहो निघतो तिथं ब्लॉकहून, म्हणजे तालुक्याच्या ऑफिसातून, पॉवर पंप आणि औषध घेऊन टीम जाते, हे सगळ्यांना माहीत होतं.

तेव्हा एक तरणा शेतकरी मोबाईल काढून पुढं आला. "टीम नइ आय. लिस्ट निकल गे हे." आणि त्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं. कोणतं गाव, किती कीड, टीम कधी. "कोसमडीह, निरंक!"

माणसं हसली. ते हसणं ऐकण्यापेक्षा चार शिव्या खाल्लेल्या बऱ्या. "ऑफिस म बइठ के माहो गिनथें," कोणीतरी म्हणालं. एकानं जळालेली चूड उपटली आणि प्रेरणाच्या पायाशी टाकली. "एदे निरंक." हे घे तुझं निरंक.

प्रेरणानं माझ्याकडं वळूनही पाहिलं नाही. गुडघाभर पाण्यात ती सरळ उभी राहिली.

"गलती मुझसे हुई," ती म्हणाली. "मैं सोमवार को आई नहीं और निरंक चला गया. उसका जवाब मैं दूँगी. लेकिन अभी गाली देने का टाइम नहीं है, अभी पानी निकालना है."

त्या क्षणी मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. मी वहीतले आकडे बघत राहिलो. भित्रा माणूस म्हातारा झाला म्हणून शूर होत नाही.

पाणी काढायचं म्हटल्यावर दुसरा गोंधळ सुरू झाला. माहोला बुडाशी ओलावा आणि सावली लागते. तीन-चार दिवस पाणी उतरवलं, धान दोन्ही बाजूंना दाबून हवेला वाटा केल्या आणि औषध बुडाशी मारलं, तर तो आटोक्यात येतो. पण फिरंतीन बाईचं पाणी जाणार खालच्या बांधीतून, आणि ती बांधी चिंधूची. चिंधू साठीचा, काटक माणूस, फावडं घेऊन बांधाच्या तोंडावर उभाच राहिला.

"गरभ वाले धान के पानी कोनो निकारथे?" तो म्हणाला. "अउ ओकर माहो मोर खेत म काबर आही? मोर धान बने हे."

तिचा माहो माझ्या शेतात कशाला, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पोटरीतल्या धानाचं पाणी काढायला आमच्या भंडाऱ्याकडंही कोणी धजत नाही. वरून त्याचं धान खरोखरच देखणं होतं, काळपट हिरवं. त्यानं आठवड्यापूर्वीच युरिया टाकला होता. प्रेरणा त्याच्याशी वाद घालत बसली नाही. तिनं झाकण त्याच्या हातात दिलं.

"काका, आप ही गिनो. आपके खेत में. जहाँ आपका मन करे वहाँ."

चिंधूनं तिच्याकडं संशयानं पाहिलं, मग फावडं बांधात रोवून आपल्या बांधीत उतरला. मधोमध गेला. सगळ्यात जोमदार चूड निवडली, वाकवली, थाप मारली. आम्ही सगळे बांधावरून बघत होतो. तो मोजत होता, ओठ हलत होते. मोजता मोजता एक किडा त्याच्या मनगटावर चढला, त्यानं तो झटकला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला.

"कतका हे?" फिरंतीन बाईनं विचारलं.

"अठारा," चिंधू म्हणाला. मग वर आला, फावडं उपटलं आणि नाल्याकडचा स्वतःचाच बांध आधी फोडला. त्याच्यापाठोपाठ बाकीचे आपापल्या बांधांकडं गेले. तासाभरात उतारावरचं सगळं पाणी नाल्याकडं वाहायला लागलं.

दुपारपर्यंत बायामाणसं धानातून वाटा पाडत होती. दर आठ-दहा ओळींनी धान दोन्ही हातांनी बाजूला लोटायचं आणि मधून फूटभर जागा मोकळी करायची. मीही उतरलो. कंबर मोडली, पानांनी हात चिरले, पण बांधावर उभं राहायची मला लाज वाटत होती. प्रेरणा पुढं होती. तिचा फोन खिशात सारखा वाजत होता. आधार शिबिरातून बोलावत होते. तिनं एकदा काढून पाहिला, बंद केला आणि पुन्हा वाकली. ही बाई मला सून म्हणून मिळाली, हे माझं भाग्य मी त्या चिखलात पहिल्यांदा नीट ओळखलं.

गावात फवारणीचे हातपंप चार होते आणि एकर साठ. दुकानदारानं दिलेल्या पिवळ्या बाटलीचं औषध दोघा-तिघांनी आणून ठेवलं होतं. प्रेरणानं ते परत करायला लावलं, त्यानं माहो उलट वाढतो म्हणाली. टीमशिवाय काम होणार नव्हतं. आम्ही ब्लॉकच्या ऑफिसकडं निघालो.

रस्त्यात मी मागून म्हणालो, "प्रेरणा, गाडी थांबव."

तिनं एका बाभळीखाली थांबवली.

"ते निरंक मी टाकलं."

"मले माहीत हाये, मामाजी. एंट्रीवर टाईम येते. चार वाजून त्रेपन्न मिनिटं. मी तवा ट्रेनिंगच्या हॉलमधी होती."

"मंग लोकांपुढं माहं नाव कावून नाही घेतलं?"

"लॉगिन कोणाचं हाये? माहं. तुमाले बसवलं कोणी? मी. अठरा गावांचे आकडे तरी मी सगळे पाहून सांगतले का? सहा गावांचे मी फोनवर इचारून लिवले." तिनं हेल्मेट काढलं, घाम पुसला. "एकवीस गावं, मामाजी. मी कवाची खोटं लिवून राहिली, ते तुमाले काय सांगू? तुमी तर तीनच लिवले."

पोळ्या अजून माझ्या पिशवीत होत्या. त्या झाडाखाली उभ्यानं आम्ही दोघांनी एक-एक खाल्ली.

ब्लॉकचे चंद्राकर साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांच्याकडंही दोन ब्लॉक होते आणि दोन्हीकडचे बाबू कमी. साडेतीन वाजता ते जेवत होते, डब्याच्या दोन्ही बाजूंना फायली होत्या. मी बाहेर बाकड्यावर बसलो. दार उघडंच होतं.

"पोर्टल लॉक हो गया है, मेडम," ते म्हणाले. "अगले सोमवार को नया प्रकोप दिखा दीजिए. आपका भी कुछ नहीं बिगड़ेगा, मेरा भी नहीं."

"सर, सोमवार तक आधा गाँव सूख जाएगा."

"तो फिर लिखकर देना पड़ेगा कि एंट्री बिना देखे हुई. उस पर टीम तो मैं आज ही निकाल दूँगा. लेकिन फिर मुझे आपको नोटिस देना पड़ेगा. सर्विस बुक में जाएगा. समझ रही हैं ना?"

मी उठून दारात गेलो. "साहब, वो एंट्री—"

"मामाजी, तुमी बाहेर बसा." इतक्या कडक आवाजात ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. मग साहेबांना म्हणाली, "सर, एक कोरा कागज दीजिए."

तिनं उभ्या उभ्याच लिहिलं. पायाचा चिखल वाळून फरशीवर पडत होता. चार ओळी होत्या. तीन गावं न पाहता निरंक भरलं, चूक माझी, कोसमडीहला ताबडतोब टीम पाठवावी, बाकी दोन गावं मी उद्या सकाळी बघते. खाली सही केली. साहेबांनी कागद वाचला आणि फोन उचलला.

टीम गुरुवारी सकाळी आठला आली. सहा पॉवर पंप, औषधाचे खोके. प्रेरणानं नळीचं तोंड स्वतःच्या हातानं खाली धरून दाखवलं. वरून पाऊस पाडल्यासारखं मारायचं नाही, वाटेत चालत बुडाशी मारायचं. मग ती खपरी आणि बोइरभाठ्याला गेली. खपरी स्वच्छ निघाली. बोइरभाठ्यात माहो नुकताच आला होता, तिथली फवारणी वेळेवर झाली. कोसमडीहला फिरंतीन बाईचा एक कोपरा गेला. पावणेदोन एकर वाचले. चिंधूच्या बांधीत एकही गोल पडला नाही.

शनिवारी नोटीस आली. कांतानं ती दोनदा वाचली आणि म्हणाली, "ज्यानं काम केलं त्यालेच कागद." मग ती रडली. प्रेरणानं नोटिशीला उत्तर लिहिलं, फाईलला लावलं, आणि कपडे धुवायला बसली. सर्व्हिस बुकात नोंद झाली ती झाली. ती अजून आहे.

रविवारी मी तिला एक गोष्ट सांगितली. पावसाळ्यात रेल्वेत पेट्रोलमन असतात, रूळ वाहून गेला का ते बघत चालणारे. दोन माणसं दोन टोकांनी निघतात, मधे भेटतात आणि आपापल्या वह्या बदलतात. माझी वही त्याच्या हातात जाते, त्याची माझ्या हातात येते. वही बदलली नाही, तर एकजण चालला नाही. तिथं थाप चालत नाही.

"गावाला गाव लागून हाये ना?" मी म्हणालो. "दर गावात एक माणूस धर. हप्त्यातून एकदा त्यानं वीस चुडी मोजायच्या, वहीत लिवायच्या, आन शिवंवर जाऊन शेजारच्या गावाशी वही बदलायची. जिथं दहाच्या वर जाईन तिथं तू जाय. एकवीस गावं तुले चालता नाही येत. पण एकवीस माणसं तर चालू शकतात."

प्रेरणानं हातातलं पिळलेलं धुणं बादलीत टाकलं. "करतीन का लोकं, मामाजी?"

"फिरंतीन बाईले इचार."

फिरंतीन बाईनं दुसऱ्या दिवशी सात माणसं दिली, बाकीची त्यांच्या ओळखीनं शेजारच्या गावांतून मिळाली. चिंधूनं स्वतःहून डब्याचं झाकण मागितलं, घरचं झाकण बायको देत नव्हती म्हणे. कांतानं जुन्या लुगड्याची कव्हरं शिवून एकवीस वह्यांना घातली, चिखल लागू नये म्हणून. प्रत्येक पानावर मीच रेघा मारल्या. तारीख, कोणाची बांधी, वीस चुडींचे वीस आकडे, मोजणाऱ्याचं नाव. निरंकचा रकाना ठेवला नाही. शून्य असेल तर वीस वेळा शून्य लिहावं. दिवाळीपर्यंत वह्या फिरल्या. चंद्राकर साहेबांनी दोन वह्या मागवून पाहिल्या, खूष झाले आणि म्हणाले, "इसका ऐप बन सकता है क्या?" प्रेरणा हे सांगताना इतकी हसली, की तिला ठसका लागला.

आमच्या घरातून एक माणूस द्यायचा, असं मीच म्हणालो. कोसमडीह ते खपरी, तीन गावांच्या शिवा, हा माझा बीट, म्हणजे चालायचा टापू. हातोडी नाही, झाकण आहे. वह्या सुरू झाल्या त्या पहिल्या सोमवारी खपरी आणि बोइरभाठा करून कोसमडीहला पोचेपर्यंत माझे गुडघे बोलायला लागले होते. फिरंतीन बाईच्या बांधीत उतरलो तेव्हा पाचला वीस कमी होते. पाणी परत सोडलं होतं, ते गार लागलं. लोंब्या बाहेर आल्या होत्या. अकरा चुडी झाल्या आणि खिशात फोन वाजला. प्रेरणा ऑफिसातून बोलत होती.

"मामाजी, वीस गावं हिरवे झाले. कोसमडीह तेवढं लाल हाये. किती हाये?"

"अकरा चुडी झाल्या. कुठं तीन, कुठं चार. नऊ राहिल्या."

"पाचले फॉर्म बंद होते."

मी पुढची चूड वाकवली, झाकण बुडाशी धरलं. बांधावर फिरंतीन बाई शेजारच्या गावाची वही घेऊन माझ्या वहीची वाट बघत उभी होती.

"होऊ दे बंद," मी म्हणालो. "मी मोजून राहिलो."

माझी सून म्हणाली, "मोजा, मामाजी. मी राहू देतो लाल."